ठिणगी वेळेवर पडली पाहिजे



जुन्या गाडीबद्दल घरात दोन पक्ष असतातच. एक म्हणतो, 'आठवण आहे, राहू द्या.' दुसरा म्हणतो, 'जागा अडवते, भंगारात द्या.' दोघांचेही काही चुकत नाही. पण बहुतेक घरांत हा वाद गाडी बंद पडल्यावर सुरू होतो आणि ती का बंद पडली हे नीट न पाहताच संपतो. म्हणून या महिन्याचे सदर आम्ही अशाच एका गाडीसाठी ठेवले आहे.

डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथून एका भगिनीने आम्हांला पत्र लिहिले आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे, महालक्ष्मीच्या चैत्रातील यात्रेमुळे सर्वांना ठाऊक असलेले हे गाव. त्यांच्या सासऱ्यांची १९७२ सालची फियाट घरामागच्या पडवीत उभी आहे. सासरे अल्लाहला प्यारे होऊन चार वर्षे झाली. मुलगा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतो. दादांची गाडी सुरू करायचीच, हे त्याने मनावर घेतले आहे. एक मिस्त्री येऊन 'पिकअप वाढवून' गेले. त्यानंतर हँडल मारताना ते उलटे फिरले आणि मुलाचे मनगट आठ दिवस सुजले. दुसऱ्या मिस्त्रींनी सांगितले, 'इंजिन खोलावे लागेल.' खर्चाचा आकडा ऐकून दीर म्हणाले, 'त्यापेक्षा भंगारवाल्याला बोलवा.' भगिनी विचारतात, 'मुलाला थांबवू की गाडी विकू?'

आपा, आमचे उत्तर असे की सध्या दोन्ही करू नका. हँडल उलटे फिरणे, कार्बोरेटरमधून थुंकल्यासारखा आवाज येणे, इंजिन लवकर तापणे ही तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणे आधी एका गोष्टीकडे बोट दाखवतात. ती गोष्ट म्हणजे टायमिंग. इंजिन खोलण्याआधी ते तपासायला एक बल्ब, दोन वायरी, एक फिलर गेज आणि निवांत दुपार लागते. खर्च शे-दोनशे रुपयांच्या पुढे जात नाही.

आधी गाडी समजून घेऊ. फियाट ११०० ही मूळची इटलीची. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवली. ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केली होती. १९६४ पासून ही गाडी 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने आली. पुढे तिचीच 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट उतरणीला लागली. कुर्ला, भायखळा, डोंगरी इथल्या गल्लीतल्या गॅरेजांत उस्तादाच्या हाताखाली शागीर्द राहत, हातातल्या पान्याने आणि कानाने टायमिंग लावायला शिकत. आजच्या गाडीचे टायमिंग संगणक लावतो. मिस्त्रीच्या हातात स्कॅनर असतो, आणि तुमच्या फियाटला स्कॅनर जोडायला जागाच नाही. त्यामुळे नव्या मिस्त्रीने 'इंजिन खोलू' म्हटले यात त्याचा दोष कमी. त्याला हे कोणी शिकवलेलेच नाही.

टायमिंग म्हणजे काय? फियाटच्या इंजिनात चार सिलिंडर आहेत, एकूण १०८९ सीसीचे. पिस्टन वर येतो, पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबतो, प्लग ठिणगी टाकतो, मिश्रण पेटते आणि पिस्टन खाली ढकलला जातो. ठिणगी पडल्याबरोबर सगळे मिश्रण एकदम पेटत नाही. चुलीतला जाळ एका काडीवरून दुसऱ्या काडीवर जावा तसा तो पसरत जातो, आणि त्याला सेकंदाचा काही हजारावा भाग लागतो. एवढासा वेळ कशाला मोजायचा, असे वाटेल. पण इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे होतात. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात क्रँक १८ अंश फिरतो. म्हणून पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या थोडी आधी ठिणगी टाकावी लागते. मग जाळ पूर्ण जोरात येईपर्यंत पिस्टन नुकताच खाली वळलेला असतो आणि धक्का योग्य वेळी बसतो.

ठिणगी फार लवकर पडली तर जाळ वर येणाऱ्या पिस्टनलाच सामोरा जातो. गाडी चढावर टकटक आवाज करते, ज्याला मिस्त्री 'नॉक करते' म्हणतात. हे फार दिवस चालले तर पिस्टन खराब होतो. हँडल मारताना तर इंजिन इतके हळू फिरत असते की वर येणाऱ्या पिस्टनला पुढे नेणारा जोरच नसतो. ठिणगी लवकर पडली की तो उलट ढकलला जातो, आणि त्याच्याबरोबर हँडलही. तुमच्या मुलाच्या मनगटाचे तेच झालेले दिसते. 'पिकअप वाढवणे' म्हणजे बहुतेक वेळा टायमिंग पुढे नेणे.

ठिणगी फार उशिरा पडली तर उलटे होते. पिस्टन खाली निघून गेल्यावर मिश्रण जळत राहते, ताकद सायलेन्सरवाटे वाया जाते, इंजिन तापते, पेट्रोल जास्त लागते आणि गाडी ओढत नाही. दोन्ही बाजूंना नुकसान आहे. मधली योग्य जागा शोधणे हेच काम.

ही वेळ ठरवतो तो डिस्ट्रीब्यूटर. आपल्याकडचे मिस्त्री त्याला 'डेल्को' म्हणतात. अमेरिकेतील डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांनी सहकाऱ्याबरोबर १९०९ साली काढलेल्या कंपनीच्या नावाची ती आद्याक्षरे. कंपनीचे नाव आपल्या गॅरेजांत वस्तूचे नाव होऊन बसले. डेल्कोच्या आत एक दांडा फिरतो. क्रँकचे दोन फेरे झाले की त्याचा एक होतो. दांड्यावरचा चार कोनांचा कॅम पॉइंट उघडतो आणि मिटतो. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून करंट वाहतो. ते उघडले की करंट तुटतो, आणि त्याच क्षणी कॉइल हजारो व्होल्टचा झटका देते. वरचा रोटर तो ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्या प्लगला पोहोचवतो. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर हे सेकंदाला शंभर वेळा होते. म्हणजे ठिणगीचा क्षण म्हणजे पॉइंट उघडण्याचा क्षण. एवढे लक्षात ठेवले की पुढचे सगळे सोपे आहे.

आता काम. मुलाला हे वाचायला द्या आणि शक्य असेल तर तुम्हीही शेजारी बसा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा. गाडी बंद खोलीत सुरू करू नका, तिचा धूर जीव घेऊ शकतो. ओढणी, लुंगी, सैल बाही पंख्याच्या पट्ट्यापासून दूर ठेवा. चार वर्षांचे जुने पेट्रोल टाकीतून काढून टाका. ऑइल आणि रेडिएटरचे पाणी पाहा, बॅटरी चार्ज करून घ्या.

पहिली पायरी प्लगची. चारही प्लग काढा. कोणती वायर कोणत्या प्लगची, यावर आधी चिठ्ठ्या लावा. प्लगच्या भोकांत थोडे थोडे ऑइल सोडा आणि हँडल हाताने हळू फिरवून इंजिन मोकळे आहे ना ते पाहा. प्लग काढल्यामुळे ते सहज फिरेल आणि उलटही मारणार नाही.

दुसरी पायरी पॉइंटची. डेल्कोचे झाकण काढा. चार वर्षांत पॉइंटवर पांढरट थर चढला असणार. बारीक पॉलिश पेपरने तो साफ करा. खड्डे पडले असतील तर पॉइंट नवे घाला आणि त्यांच्याबरोबर कंडेन्सरही बदला. मग इंजिन असे थांबवा की कॅमचा कोपरा पॉइंटला पूर्ण उघडून धरेल. त्या जागी फिलरने अंतर मोजा. या गाडीला ते अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित आत, ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्या. हे काम टायमिंगच्या आधीच करायचे. अंतर वाढवले की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकते. टायमिंग लावून मग पॉइंट सेट केले तर सगळी मेहनत पाण्यात.

तिसरी पायरी, पहिला सिलिंडर शोधणे. रेडिएटरच्या बाजूचा तो पहिला. त्याच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा आणि दुसऱ्याला हँडल हळू फिरवायला सांगा. आतून हवा अंगठा ढकलू लागली की पिस्टन दाब देत वर येतो आहे असे समजा. आता क्रँकच्या पुलीवरची खूण समोरच्या झाकणावरच्या खुणेकडे येईल. पुस्तिकेत जितके अंश आधी सांगितले असेल तिथे ती थांबवा. खूण गंजाखाली गेली असेल तर वायर ब्रशने घासा आणि खडूने पांढरी करा. अंश मोजायला अवघड वाटले तर साधा हिशेब करा. पुलीचा व्यास समजा १४ सेंटिमीटर आहे. तिचा घेर सुमारे ४४ सेंटिमीटर झाला. त्याला ३६० ने भागले की एका अंशाला सव्वा मिलिमीटर येतो, आणि दहा अंश म्हणजे सुमारे १२ मिलिमीटर. आपली पुली मोजा आणि आपला हिशेब करा. या जागी रोटरचे तोंड पहिल्या प्लगच्या वायरीकडे असले पाहिजे. ते बरोबर विरुद्ध बाजूला असेल तर तुम्ही एक फेरा मागे किंवा पुढे आहात. हँडलचा पूर्ण एक फेरा घेऊन पुन्हा पाहा.

चौथी पायरी बल्बची. १२ व्होल्टचा छोटा बल्ब घ्या. एक वायर कॉइलच्या त्या टोकाला जोडा जिथून डेल्कोकडे बारीक वायर जाते, आणि दुसरी इंजिनच्या लोखंडाला. चावी लावा. पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब विझलेला राहील, उघडले की पेटेल. आता डेल्कोच्या पट्टीचा बोल्ट थोडा ढिला करा. रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने डेल्कोचे अंग फिरवा, बल्ब विझेल. मग उलट दिशेने अगदी हळू, केसाएवढे केसाएवढे फिरवा. बल्ब ज्या क्षणी पेटेल तिथेच थांबा आणि बोल्ट आवळा. डेल्को अर्ध्या गतीने फिरतो हे विसरू नका. त्याचा एक अंश म्हणजे इंजिनचे दोन अंश. म्हणून इथे घाई चालत नाही. काम झाल्यावर चावी बंद करा. पॉइंट मिटलेले असताना चावी चालू राहिली तर कॉइल तापते.

पाचवी पायरी खात्रीची. हँडलचे पूर्ण दोन फेरे सरळ दिशेने घ्या आणि बल्ब त्याच खुणेवर पेटतो का ते पाहा. खूण चुकून पुढे गेली तर हँडल थोडे मागे आणून भागवू नका. दात्यांमध्ये थोडी ढिलाई असते आणि माप फसते. पुन्हा दोन फेरे घ्या. मग प्लग बसवा. या इंजिनाचा क्रम १-३-४-२ असा आहे. रोटर फिरण्याच्या दिशेने वायरी याच क्रमाने लागल्या पाहिजेत. दोन आणि तीनची अदलाबदल झाली तरी इंजिन थुंकते, आणि लोक उगीच कार्बोरेटर खोलतात.

सुरू करताना शक्यतो स्टार्टर वापरा. हँडल मारायचेच असेल तर अंगठा दांड्याभोवती गुंडाळू नका, तो चार बोटांच्याच बाजूला ठेवा. हँडल खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. अशाने ते उलटले तरी हातातून सुटून जाते. जुने उस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी हे शिकवत, मग बाकीचे.

शेवटची परीक्षा रस्त्यावर, आणि ती परवाना असलेल्या मोठ्या माणसाने घ्यावी. महामार्गावर जाऊ नका, तिथे ट्रेलरच्या मधोमध बंद पडलेली गाडी म्हणजे संकट. गावातला शांत रस्ता निवडा. इंजिन गरम झाल्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी ३० किलोमीटरच्या आसपास असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबा. अगदी हलकी टकटक येऊन लगेच गेली तर टायमिंग बरोबर आहे. टकटक चालूच राहिली तर डेल्को किंचित मागे घ्या, म्हणजे रोटरच्या दिशेने. टकटक अजिबात नाही पण गाडी जड ओढते, तापते, तर किंचित पुढे घ्या. एका वेळी एकच बदल करा.

इथे पेट्रोलचेही लक्षात घ्यावे लागते. पुस्तिकेतला आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी आहे. त्यात नॉक थांबवण्यासाठी शिसे घालत. ते आपल्याकडे २००० सालापासून बंद झाले. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते नॉकला चांगला विरोध करते, पण जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा खराब करू शकते. म्हणून पुस्तिकेच्या आकड्यापासून सुरुवात करा, शेवटचा निकाल कानाने द्या आणि रबरी नळ्या आधी बदला. गरम इंजिनावर गळणारे पेट्रोल हा टायमिंगपेक्षा मोठा धोका आहे.

शेजारी कोणाकडे चिकूच्या वाडीत जुनी जीप असेल, तर तीही याच पद्धतीने लागते. विलीजच्या नमुन्यावर महिंद्राने बनवलेल्या त्या जीपचा क्रमही १-३-४-२ आहे, पॉइंटचे अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर आणि टायमिंग ५ अंश आधी. या कंपनीचे १९४५ साली पहिले नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले.

एवढे करूनही इंजिन चालले नाही तर? मग दाब मोजून घ्या. सिलिंडरमध्ये दाबच नसेल तर दुसऱ्या मिस्त्रींचे म्हणणे खरे, इंजिन खोलावे लागेल. पण ते बल्ब लावून पाहिल्यानंतर ठरवायचे, आधी नाही.

आता कागदपत्रे. मालकाचा इंतकाल झाला की वारसांनी ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. चार वर्षे झाली आहेत, तेव्हा दंड भरून ते उरकून घ्या. आणि एक गोष्ट दिरांना नम्रपणे सांगा. ही गाडी मरहूमांच्या तरक्यातली आहे. तिच्यात सासूबाईंचा, भावांचा आणि लग्न होऊन गेलेल्या नणंदांचाही हिस्सा आहे. भंगारात द्यायची की ठेवायची, हे एकट्याने ठरवता येत नाही, आणि तुमच्या मुलालाही ती फुकट आपली म्हणता येत नाही. सगळ्यांना बसवून किंमत ठरवा. ज्याला ठेवायची आहे त्याने बाकीच्यांचा हिस्सा द्यावा किंवा त्यांनी तो खुशीने सोडावा.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये. नव्या नोंदणीला व्हीए मालिकेचा क्रमांक मिळतो, आधीची नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र विंटेज म्हणून नोंदलेली गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसाठीच बाहेर काढता येते, रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. तुम्हांला तिच्यातून बाजाराला किंवा डहाणूला नातलगांकडे जायचे असेल, तर साधी नोंदणीच नूतन करून ठेवा.

मुलाला थांबवू का, हा प्रश्न राहिला. थांबवू नका, पण एकट्याला करू देऊ नका. तुमच्या भागात अजूनही कोणी जुना टॅक्सीवाला किंवा उतारवयाचा मिस्त्री असेल. त्यांना घरी बोलवा, चहा पाजा, खुर्चीवर बसवा आणि काम मुलाला करू द्या. पान्यासाठी त्यांचे हात आता थरथरत असतील, पण कान शाबूत असतात. गाडी सुरू झाली की पॉइंटचे अंतर, टायमिंगचे अंश, प्लगचा क्रम आणि तारीख एका वहीत लिहा आणि ती वही डिकीत ठेवा. उस्तादांनी हे आकडे कानात आणि डोक्यात ठेवले, म्हणून ते त्यांच्याबरोबर जात आहेत. वहीत राहिले तर पुढच्या मिस्त्रीला इंजिन खोलायची गरज पडणार नाही.

पुढच्या महिन्यात याच सदरात कार्बोरेटरची साफसफाई. तोवर, खुदा हाफिज.